लोकर का कातरावी लागते? केसांचे चक्र आणि व्यापाऱ्याचा हिशेब

कापडाच्या धंद्यात नव्याने येणारा तरुण भेटला की मी त्याला एक साधा प्रश्न विचारतो. गाय आणि बैल यांचे केस कोणी कातरत नाही, मग मेंढीचेच का कातरतात? बहुतेकांचे उत्तर येते, ‘‘लोकर विकायची असते म्हणून.’’ हे उत्तर अर्धेच बरोबर आहे. लोकरीला कवडीची किंमत नसली तरी मेंढी कातरावीच लागते. याचे कारण ज्याला कळले, त्याला लोकरीचा बाजारही कळला असे समजावे. मला स्वतःला ते कळायला नुकसान सोसावे लागले. ती हकीकत पुढे येईलच. आधी मूळ विषय पाहू.

केस उगवतो, थांबतो आणि गळतो

सस्तन प्राण्याच्या कातडीत लाखो बारीक खळगे असतात. त्यांना केशकूप म्हणतात. प्रत्येक केशकूपातून केस उगवतो, पण तो अखंड उगवत राहत नाही. त्याचे तीन टप्पे असतात. पहिला टप्पा वाढीचा. या काळात मुळाशी नवे तंतू तयार होत राहतात आणि केस वर सरकत राहतो. दुसरा टप्पा थांबण्याचा. मूळ आकसते आणि वाढ बंद पडते. तिसरा टप्पा विश्रांतीचा. केस कातडीत नुसता अडकून राहतो. मग खालून नवा केस उगवू लागला की जुना गळून पडतो आणि चक्र पुन्हा सुरू होते.

माणसाच्या डोक्यावरही हेच चालते. डोक्याचा केस साधारण दोन ते सहा वर्षे वाढतो, नंतर दोन-तीन महिने विश्रांती घेतो आणि गळतो. रोज पन्नास ते शंभर केस गळणे हा आजार नाही, तो निसर्गाचा नियम आहे. आपल्या डोक्यावरचा प्रत्येक केस स्वतःच्या वेळापत्रकाने चालतो, म्हणून सगळे केस एकदम गळत नाहीत आणि आपल्याला फरक जाणवत नाही.

जनावरांचे मात्र तसे नाही. थंड व समशीतोष्ण मुलखातील बहुतेक जनावरांचे केस ऋतूप्रमाणे एकाच सुमारास गळतात. हिवाळ्यासाठी दाट केस येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडी ते झडतात. आपल्याकडेही हिवाळ्यात बैलाच्या अंगावर लव दाट दिसते आणि ऊन तापू लागले की खरारा करताना ती हातात येते. जनावराला हे कसे कळते? हवेतील गारवा-उष्म्याचा त्यात वाटा असतो, पण मुख्य घड्याळ दिवसाच्या लांबीचे असते. रात्र मोठी झाली की मेंदूतील एक लहानशी ग्रंथी मेलॅटोनिन नावाचे द्रव्य अधिक वेळ सोडते. दिवस मोठा होऊ लागला की मेलॅटोनिन घटते आणि प्रोलॅक्टिन नावाचे दुसरे द्रव्य वाढते. त्याच्या इशाऱ्यावर जुने केस गळू लागतात.

आता म्हैस पाहा. आपल्याकडे म्हैस भादरतात, पण ते स्वच्छतेसाठी. न भादरल्यास तिचे केस वाढत वाढत जमिनीला टेकत नाहीत. ठराविक लांबी झाली की ते थांबतात आणि गळतात. मेंढीच्या लोकरीचे तसे होत नाही.

मेंढीचे चक्र कोणी बिघडवले?

रानातली मूळ मेंढी आजच्या मेंढीसारखी नव्हती. तिच्या अंगावर वरून राठ केस आणि त्याखाली मऊ लोकरीचा पातळ थर असे. दरवर्षी वसंतात हा थर आपोआप सुटून पडे. माणसाने सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी मेंढी पाळली, ती प्रथम मांसासाठी. लोकरीकडे त्याचे लक्ष बऱ्याच नंतर गेले. सुरुवातीला झडतीच्या दिवसांत लोकर हाताने ओढून काढत. स्कॉटलंडच्या बेटांवर सोए नावाची जुनी जात आजही आहे. तिची लोकर उन्हाळ्याच्या तोंडी स्वतःहून सुटते.

पण झडणारी लोकर निम्मी काट्याकुट्यांना अडकून वाया जाते. म्हणून माणसाने ज्या मेंढीची लोकर कमी गळते तीच पैदाशीसाठी ठेवली. पिढ्यानपिढ्या अशी निवड होत गेली, आणि शेवटी अशी मेंढी तयार झाली की जिच्या लोकरीचा वाढीचा टप्पा वर्षानुवर्षे संपतच नाही. थांबणे नाही आणि गळणे नाही, नुसते वाढणे. पुढे लोखंडी कातर आली आणि काम पूर्ण झाले.

याचा परिणाम काय होतो ते ऑस्ट्रेलियात सन २०१५ मध्ये जगाने पाहिले. कॅनबेराजवळ कळपातून चुकलेली एक मेरिनो मेंढी सापडली. कित्येक वर्षे न कातरल्यामुळे तिला नीट चालताही येत नव्हते. तिच्या अंगावरून ४० किलोंहून अधिक लोकर निघाली. मेंढीने आपली गळण्याची शक्ती माणसाच्या हवाली केली आहे. ती कातरणे हे आता माणसाच्याच अंगावर आहे.

आपल्या मुलखातील मेंढी

आता घरची गोष्ट. बीड, अहिल्यानगर, पुणे, सोलापूर, सातारा, सांगली या टापूत जी मेंढी फिरते तिला दख्खनी मेंढी म्हणतात. सन २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात सुमारे ७ कोटी ४२ लाख मेंढ्या होत्या. महाराष्ट्रात जी काही लाख मेंढरे आहेत त्यांत मोठा वाटा दख्खनीचा. ती कणखर आहे, पाच-दहा कोस चालून कुसळावर पोट भरते. पण तिची लोकर जाडीभरडी. लोकरीची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. मेरिनोची लोकर साधारण १८ ते २२ मायक्रॉनची असते. लडाखच्या चांगथांगी शेळीचे पश्मिना त्याहून बारीक, १२ ते १५ मायक्रॉनचे. आपल्या दख्खनीची लोकर ४० मायक्रॉनच्या पुढे जाते. एका मेंढीपासून वर्षाला निघते ती साधारण अर्धा ते पाऊण किलो.

पश्मिन्याचा उल्लेख आला म्हणून सांगतो. उर्दूत वापरात असलेला ‘पश्म’ हा शब्द फारसीतून आला आहे आणि त्याचा अर्थच लोकर. पण पश्मिना कातरत नाहीत, विंचरून काढतात. कारण ती शेळी अजून जुन्या चक्रावर चालते. उन्हाळा सरताना तिच्या राठ केसांखाली मऊ पश्म उगवू लागते आणि वसंतात ती सुटते. सुटण्याच्या त्या थोड्या दिवसांत फणीने विंचरले तरच पश्म हाती येते. एका शेळीमागे पाव किलोच्या आसपास. अलीकडे विंचरले तर निघत नाही, पलीकडे गेले तर वाऱ्यावर जाते. मालाची किंमत कशी ठरते हे यावरून समजावे.

दख्खनी मेंढी या दोन्हींच्या मधली आहे. तिच्या कातडीत दोन प्रकारचे केशकूप असतात. समजायला सोपे म्हणून त्यांना थोरले आणि धाकटे म्हणू. थोरल्यातून राठ, आत पोकळ असे केस येतात. धाकट्यातून बारीक लोकर येते. मेरिनोमध्ये एका थोरल्यामागे वीसच्या आसपास धाकटे असतात. जाड्या लोकरीच्या जातींत हे प्रमाण फारच कमी असते, म्हणून लोकर राठ वाटते. आणि महत्त्वाचे म्हणजे थोरल्यातले हे पोकळ केस अजूनही जुन्या चक्राने चालतात. ते वाढतात, मरतात आणि सुटतात, पण आजूबाजूच्या न गळणाऱ्या लोकरीत अडकून राहतात. कातरताना ते लोकरीबरोबरच निघतात आणि पोत्यात भरले जातात. हे मेलेले केस आखूड, खडूसारखे पांढुरके आणि ठिसूळ असतात. त्यांच्यावर रंग चढत नाही आणि पिळात ते धरून राहत नाहीत.

माझे नुकसान

आता ती हकीकत. तलवाड्यातील आमचे दुकान अब्बांनी चालू केले. साडी, धोतर, सुती माल हा मुख्य. घोंगडी आणि कांबळी हिवाळ्यापुरती. अब्बा घोंगडी ओळखीच्या विणकरांकडूनच घेत. दुकान माझ्या हाती आल्यावर मला वाटले की हा जुना व्यवहार झाला. बाहेरगावच्या एका व्यापाऱ्याने निम्म्या भावात घोंगडी देऊ केली. दिसायला चांगली, काळीभोर. मी मोठा गठ्ठा उचलला.

माल हातोहात खपला. मी खूश होतो. संक्रांतीच्या सुमारास एक म्हातारी घोंगडी घेऊन परत आली. तिने ती नातवाच्या अंगावर घातली होती. म्हणाली, ‘‘भाई, ही घोंगडी केस सोडती. लेकराच्या तोंडात जात्यात, रात रात खोकतंय.’’ मी घोंगडी झटकली, तर खरोखर ऊन पडलेल्या जमिनीवर केसांचा थर दिसला. त्या आठवड्यात आणखी सात-आठ जण आले.

आमच्याकडे कपडा घेणारे एक वयस्कर धनगर होते. सगळे त्यांना बापू म्हणत. मी घोंगडी त्यांच्यापुढे टाकली. त्यांनी काठाचा एक धागा उकलला, त्यातले दोन केस बोटावर घेतले आणि म्हणाले, ‘‘भाई, ही कातरल्याली लोकर न्हाई. कातड्यावरची उपटल्याली हाय. आन् त्यात मेल्याला केस बी मिसळलाय. काळा रंग वरनं दिलाय.’’

मी म्हणालो, ‘‘बापू, तुम्हाला कसं कळलं?’’

‘‘मेंढरात जल्म गेला. कातरल्याल्या केसाला मूळ नसतं.’’

मी गल्ल्यातून तार मोजण्याचे भिंग काढले. कापडाच्या इंचात किती ताणे, किती बाणे हे पाहायला आम्ही ते वापरतो. भिंगाखाली स्पष्ट दिसले. कित्येक केसांच्या टोकाला बारीक गाठ होती. ती गाठ म्हणजे मूळ. कत्तलखान्यातून आलेली कातडी चुन्यात मुरवतात आणि मग लोकर हाताने किंवा सुरीने ओढून काढतात. त्या लोकरीला मूळ राहते, आणि चुन्यामुळे ती कडक व ठिसूळ होते. गालिचाच्या किंवा नमद्याच्या कामात अशी लोकर योग्य रीतीने वापरली जाते, त्यात गैर काही नाही. गैर हे की ती कातरलेल्या लोकरीच्या नावाखाली अंगावर पांघरायच्या घोंगडीत घातली गेली. मी आलेल्या प्रत्येकाचे पैसे परत केले. त्या हिवाळ्यात घोंगडीत जो तोटा आला तो साडीच्या नफ्यानेही भरून निघाला नाही. पण त्या दिवसापासून लोकर हातात घेतल्याशिवाय मी भाव विचारत नाही.

लोकर पाहावी कशी?

वाचकांपैकी जे घोंगडी, कांबळी, शाल, गालिचे यांचा व्यापार करतात, त्यांच्यासाठी अनुभवाने पटलेल्या चार-पाच गोष्टी देतो.

१) टोक पाहा. कातरलेल्या तंतूचा बुडखा सरळ कापलेला असतो. उपटलेल्याला मूळ असते. मेलेला केस दोन्ही टोकांना निमुळता व आखूड असतो. साधे भिंग पुरते.

२) पिळून, घासून पाहा. मूठभर लोकर दोन्ही तळव्यांत घासा आणि पांढऱ्या कपड्यावर झटका. खडूसारखे आखूड केस जास्त पडले तर माल हलका समजा.

३) ताणून पाहा. लोकरीची एक बट दोन्ही हातांच्या चिमटीत धरा, कानाजवळ न्या आणि ताणून बोटाने टिचकी मारा. चांगली लोकर तारेसारखी वाजते. कमजोर लोकर मधेच चरचरते आणि एकाच जागी तुटते. हे तुटणे कातरणाऱ्याच्या चुकीने होत नाही. मेंढी कधीतरी आजारी पडली किंवा उपाशी राहिली की त्या दिवसांत केशकूपाला पोषण मिळत नाही आणि तंतू त्या जागी बारीक होतो. दुष्काळाचे वर्ष असे लोकरीत लिहिलेले असते. मराठवाड्यात सन २०१५-१६ सारखा दुष्काळ पडला की पुढच्या कातरणीच्या मालात ताकद कमी असणारच, हे गृहीत धरून खरेदी करावी.

४) जाळून पाहा. खरी लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो, विस्तव काढताच ती विझते आणि राख बोटाने चुरगळते. अ‍ॅक्रिलिकचा धागा वितळतो आणि त्याची टणक गोळी होते.

५) जावळ वेगळे घ्या. कोकराच्या पहिल्या कातरणीला धनगर जावळ म्हणतात, जसे आपण बाळाच्या पहिल्या केसांना म्हणतो. जावळ मऊ का? कारण या तंतूला कधी कात्री लागलेली नसते. त्याचे वरचे टोक निसर्गतः निमुळते असते, ते टोचत नाही. एकदा कातरले की पुढच्या प्रत्येक खेपेस दोन्ही टोके बोथट राहतात. म्हणून जावळाची घोंगडी महाग, आणि ती महाग असणे रास्त आहे. एका मेंढीचे जावळ आयुष्यात एकदाच मिळते.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. धाकटे केशकूप कोकरू पोटात असतानाच तयार होऊ लागतात, आणि गाभण काळाच्या शेवटच्या महिन्यांत व जन्मानंतरच्या काही आठवड्यांत पक्के होतात. त्यानंतर त्यांची संख्या वाढत नाही. म्हणजे मेंढी गाभण असताना उपाशी राहिली, तर तिच्या कोकराची लोकर जन्मभर कमी आणि राठ राहण्याची भीती असते. चांगला माल पाहिजे असेल तर त्याची सुरुवात दुकानात होत नाही, रानातल्या चाऱ्यापासून होते.

बाजाराचे कोडे

आता पहिल्या प्रश्नाकडे परत येऊ. कापसाचा भाव पडला तर शेतकरी पुढच्या वर्षी सोयाबीन पेरतो. गूळ स्वस्त झाला तर गुऱ्हाळ बंद राहते. म्हणजे भाव पडला की मालाची आवक कमी होते आणि भाव पुन्हा सावरतो. लोकरीत असे होत नाही. भाव असो वा नसो, मेंढी कातरावीच लागते. न कातरल्यास लोकरीचे गठ्ठे होतात, पावसाळ्यात ती भिजून राहते, जखमेवर माशी बसून अळ्या पडतात आणि जनावर दगावते. आपल्याकडे सर्वसाधारणपणे वर्षातून दोनदा कातरणी होते. महिना कळपाच्या फिरतीप्रमाणे मागेपुढे होतो, पण ती टळत नाही.

म्हणून लोकर हा असा माल आहे की जो पिकवणाऱ्याला थांबवता येत नाही. आज कित्येक ठिकाणी कातरणाऱ्याची मजुरी लोकरीच्या किमतीपेक्षा अधिक होते. धनगर मजुरी पदरची देतो आणि लोकर बांधावर टाकून पुढे जातो. पानिपतची जुन्या कपड्यांच्या धाग्यांपासून बनलेली ब्लँकेटे आणि अ‍ॅक्रिलिकच्या चादरी यांनी घोंगडीचे गिऱ्हाईक नेले. लोकर कातणाऱ्या आयाबाया आणि घोंगडी विणणारे सणगर कमी झाले. लोकर पिंजणारे हात कमी झाले. कमानीचा तो ठणठण आवाज आमच्या पिंजारी बांधवांच्या गल्लीत पूर्वी हिवाळाभर ऐकू येई, तो आता क्वचित येतो.

यावर मेंढपाळांनी काढलेला एक उपाय म्हणजे मांसाकडे वळणे. आंध्रची नेल्लोर मेंढी पाहा. तिच्या अंगावर लोकर नाही, आखूड केस असतात, कातरणीचा खर्चच नाही. परदेशात डॉर्परसारख्या जाती आहेत. दक्षिण आफ्रिकेत तयार झालेली ही मेंढी आपली लोकर पुष्कळशी स्वतःच झाडते. माणसाने हजारो वर्षे खपून मेंढीचे गळणे बंद केले, आणि आता मजुरी परवडत नाही म्हणून पुन्हा गळणारी मेंढी शोधली जात आहे. व्यापारात काय महाग होते आणि काय स्वस्त होते यावर जनावराच्या अंगावरचे केससुद्धा ठरतात, ते असे.

तरी मला लोकरीचा व्यवहार संपला असे वाटत नाही. राजस्थानात अविकानगर येथे सन १९६२ पासून मेंढी व लोकर संशोधनाची केंद्रीय संस्था आहे. आपल्या राज्यात पुण्याला मेंढी व शेळी विकास महामंडळ आहे. जातिवंत नर आणि प्रशिक्षण यांची चौकशी तेथे करता येते. पण व्यापाऱ्याने करावयाचे काम सरकार करणार नाही. ते काम निवडीचे आहे. आज सगळी लोकर एकाच पोत्यात भरली जाते. जावळ, पाठीवरची लांब लोकर, पोटाची घाणेरडी लोकर आणि मेलेला केस एकत्र होतो, आणि सगळ्याला सर्वांत हलक्या मालाचा भाव मिळतो. कातरणीच्या दिवशी कळपापाशी जाऊन जावळ वेगळे, काळी वेगळी, पांढरी वेगळी असे तीन-चार ढीग केले आणि प्रत्येकाला वेगळा भाव दिला, तर धनगराला लोकर टाकावी वाटणार नाही आणि विणकराला चांगला धागा मिळेल.

गेली काही वर्षे मी एवढेच करतो. माल थोडा घेतो, पण पाहून घेतो. बापू आता नाहीत. त्यांचा मुलगा जावळ वेगळ्या पोत्यात बांधून ठेवतो आणि निरोप पाठवतो. मी त्या पोत्याचा भाव घासाघीस न करता देतो. दुकानात घोंगडी घेणाऱ्याला भिंग देतो आणि म्हणतो, स्वतः पाहून घ्या. भिंगातून बघून परत गेलेला गिऱ्हाईक अजून तरी मला भेटलेला नाही.